मक्ता, मुदत आणि अजाइल : प्रस्तावना

अखिल भारत चरखा संघाने १९२९ साली एक लाख रुपयांचे पारितोषिक जाहीर करून सुधारलेल्या चरख्याविषयी ज्या अटी प्रसिद्ध केल्या, त्या आजच्या सॉफ्टवेअर व्यवसायातील कोणत्याही मक्त्याच्या मसुद्याशेजारी ठेवाव्यात इतक्या काटेकोर होत्या. यंत्र हलके, उचलून नेण्याजोगे आणि खेड्यातील झोपडीत हाताने वा पायाने चालविता येईल असे असावे. स्त्रीला ते सलग आठ तास फारसे न थकता चालविता यावे. तेवढ्या वेळात त्याने १२ ते २० नंबरचे १६,००० फूट सूत द्यावे. किंमत १५० रुपयांवर जाऊ नये. बनावट हिंदुस्थानातील असावी. ते २० वर्षे टिकावे आणि सालोसालच्या बदली भागांचा खर्च किमतीच्या पाच टक्क्यांहून अधिक होऊ नये. अटींत संदिग्ध असे काही नव्हते, मुदत ठरलेली होती, रक्कम त्या काळी कोणाचेही डोळे दिपवील अशी होती. आणि तरीही ते पारितोषिक अखेरपर्यंत कोणाच्या पदरात पडले नाही. प्रत्यक्षात लोकांच्या हाती जे चरखे आले ते निराळ्या वाटेने आले. येरवड्याच्या तुरुंगात गांधीजी स्वतः रोज सूत काढीत असताना ज्याच्या रचनेत फेरफार होत गेले तो पेटीचरखा, पायाने चालवून दोन्ही हात दोन चात्यांसाठी मोकळे ठेवणारा प्रभुदास गांधींचा मगन चरखा, भारतानंदांची धनुष तकली, ही सारी साधने चालविणाऱ्याच्या हाताने घडविणाऱ्याच्या हाताला सांगितलेल्या दुरुस्त्यांतून आकारास आली. ३० डिसेंबर १९३८ रोजी गांधीजींच्या हस्ते उघडलेल्या वर्ध्याच्या मगन संग्रहालयात आजही चरख्याचे हे नानाविध अवतार पाहावयास मिळतात.

यावरून गांधीजींना अजाइल, म्हणजे थोडे थोडे करून दाखवीत सुधारीत जाण्याच्या, पद्धतीचे आद्यप्रवर्तक ठरविण्याचा हास्यास्पद उद्योग मला करावयाचा नाही. आपल्याकडे प्रत्येक परदेशी कल्पनेचे बीज स्वदेशी मातीत शोधून काढण्याची जी हौस आहे तिला या पुस्तकाने खतपाणी घालू नये, अशी माझी खबरदारी आहे. चरख्याचे उदाहरण मी घेतो ते एवढ्याचसाठी की, जी वस्तू अजून अस्तित्वात नाही तिचा संपूर्ण तपशील आगाऊ लिहून, त्यावर मुदत आणि रक्कम यांची मोहोर उमटवून, ती वस्तू दुसऱ्याकडून करवून घेता येते या समजुतीची परीक्षा याच भूमीत एकदा होऊन गेली आहे. आणि वर्धा, हिंगणघाट, आर्वी, पुलगाव येथून पदवी घेऊन पुण्याच्या हिंजवडीत अथवा नागपूरच्या मिहानमध्ये नोकरीस लागणारी मुले आज ज्या पद्धतीत पहिल्या दिवसापासून ओढली जातात, ती अजाइल पद्धती मुळात या समजुतीविरुद्ध उठलेली एक तक्रार होती, हे त्यांना सहसा कोणी सांगत नाही.

या मुलांना ती पद्धती कशी भेटते, हे पाहण्यासारखे आहे. महाविद्यालयात शेवटच्या वर्षाच्या प्रोजेक्टसाठी त्यांनी सिनॉप्सिस लिहिलेला असतो, गाईडची सही घेतलेली असते, आणि अहवालात पायऱ्यापायऱ्यांनी खाली उतरणारी ‘वॉटरफॉल’ची आकृती काढलेली असते. प्रोग्राम आधी लिहून झाला व आकृती नंतर काढली गेली, ही गोष्ट एक्स्टर्नल परीक्षकालाही ठाऊक असते आणि तो सौजन्याने ती विचारीत नाही. पुढे कचेरीत रुजू होताच त्यांना सांगण्यात येते की ते सारे जुने झाले, आम्ही अजाइल आहोत. आणि दुसऱ्या दिवशी सकाळी एका वर्तुळात उभे करून त्यांच्याकडून काल काय केले याचा जबाब घेतला जातो. एका कर्मकांडातून दुसऱ्या कर्मकांडात झालेले हे स्थलांतर त्यांना प्रगती म्हणून शिकविले जाते.

इतिहास मात्र पुष्कळच गुंतागुंतीचा आहे. वॉटरफॉलचा जनक म्हणून ज्या विन्स्टन रॉइस यांचे नाव पाठ्यपुस्तकांत दिले जाते, त्यांनी १९७० सालच्या आपल्या निबंधात तो शब्द वापरलेलाच नाही. पायऱ्यांची आकृती काढून लगोलग त्यांनी ही रीत धोक्याची असल्याचे बजावले, आणि पूर्वी न केलेले काम असेल तर ते एकदा लहान प्रमाणावर करून पाहून मगच दुसऱ्यांदा ग्राहकाच्या हवाली करावे, असा सल्ला दिला. परंतु निबंधातील आकृती लोकांनी उचलली आणि इशारा तेथेच राहिला. अमेरिकेच्या संरक्षण खात्याने १९८५ मध्ये मक्तेदारांसाठी जो शिरस्ता जारी केला त्याने या पायऱ्यांना जवळजवळ कायद्याचे बळ दिले, आणि त्याच खात्याला १९९४ साली नवा दंडक काढून तो मागे घ्यावा लागला. खरे पाहता थोडे करावे, दाखवावे, सुधारावे ही चाल या क्षेत्रात प्रारंभापासूनच होती. १९६० च्या दशकारंभी मर्क्युरी अवकाशयानाच्या कार्यक्रमातील प्रोग्रामरांनी अत्यंत लहान फेऱ्यांत काम केल्याची नोंद आहे. फ्रेडरिक ब्रूक्स यांनी आयबीएमच्या एका प्रचंड प्रणालीचा अनुभव १९७५ साली ग्रंथबद्ध करताना रखडलेल्या कामावर आणखी माणसे घातल्याने ते अधिकच रखडते, हा सिद्धान्त मांडला. आपल्या कचेऱ्यांत त्याचा उच्चार सर्वत्र होतो आणि आचरण कोठेच होत नाही.

अजाइल या नावाखाली पुढे एकत्र आलेले प्रवाह एकमेकांपासून बरेच भिन्न होते. जपानी कारखान्यांतील नववस्तुनिर्मितीचा अभ्यास करून ताकेउची व नोनाका यांनी १९८६ साली एक लेख लिहिला आणि त्यात रग्बीच्या खेळातील ‘स्क्रम’ची उपमा योजली, ती उचलून जेफ सदरलँड यांनी १९९३ मध्ये ईझल कॉर्पोरेशनमध्ये एक प्रयोग केला, व केन श्वेबर यांच्यासह १९९५ साली त्याची रीतसर मांडणी केली. स्क्रम हा कामाच्या व्यवस्थेचा विचार आहे; प्रोग्राम कसा लिहावा याविषयी तो जवळजवळ मौन पाळतो. याच्या उलट केंट बेक यांचे ‘एक्स्ट्रीम प्रोग्रामिंग’ लिहिणाऱ्याच्या टेबलापाशी येऊन बसते: चाचणी आधी, प्रोग्राम मागाहून, दोघांनी एका यंत्रावर मिळून लिहावे, ग्राहकाचा माणूस लिहिणाऱ्यांच्याच खोलीत असावा, आणि कोणी जादा तास राबून थकू नये. क्रायस्लर कंपनीच्या पगारपत्रकांच्या ज्या प्रकल्पात या पद्धतीला आकार आला तो १९९७ पासून सुमारे १०,००० कर्मचाऱ्यांचा पगार काढू लागला, तथापि सर्व कर्मचाऱ्यांपर्यंत कधीच पोहोचला नाही आणि २००० साली गुंडाळण्यात आला. पद्धतीचे अभिमानी ही गोष्ट हळूच सांगतात, टीकाकार मोठ्याने. मला ती दोघांनीही नीट वाचावी असे वाटते, कारण ग्राहकाचा प्रतिनिधी बदलला, देखरेख करणाऱ्यांची आस्था ओसरली, की उत्तम लिहिलेला प्रोग्रामही तग धरीत नाही, हे तेथे स्पष्ट दिसते. यांखेरीज इंग्लंडातून आलेली डीएसडीएम, सिंगापूरच्या एका बँकेच्या कामातून निघालेली फीचर-ड्रिव्हन पद्धती, ॲलिस्टेअर कोबर्न यांची क्रिस्टल, असे अन्य संप्रदाय होते. फेब्रुवारी २००१ मध्ये युटा प्रांतातील स्नोबर्ड येथे जमलेल्या १७ जणांनी या सर्वांतील समान धागा चार मूल्यांत व बारा तत्त्वांत ग्रथित केला. जाहीरनामा म्हणून जो प्रसिद्ध आहे तो एवढाच, एका पानाचा.

त्यानंतरचा एक अध्याय भारतात घडलेला असून आपल्याकडेच तो फारसा ठाऊक नाही. २००४ च्या सुमारास मायक्रोसॉफ्टच्या अंतर्गत प्रणालींची देखभाल करणारी एक छोटी तुकडी हैदराबादेत काम करीत होती. तिच्याकडे आलेली मागणी पुरी होण्यास पाच-पाच महिने लागत, आणि प्रत्येक नव्या मागणीला किती वेळ लागेल याचे अंदाजपत्रक तयार करण्यातच तुकडीच्या शक्तीचा मोठा भाग खर्ची पडे. पैकी कित्येक मागण्या तर पुढे होतच नसत. ड्रागोश डुमित्रिऊ या व्यवस्थापकाने डेव्हिड अँडरसन यांच्या सल्ल्याने दोनच गोष्टी मुख्यत्वे केल्या: अंदाजपत्रके बंद केली, आणि एका वेळी हाती घ्यावयाच्या कामांना मर्यादा घातली. कोणाला जादा राबविले नाही, आणि मागणी पुरी होण्याचा काळ काही महिन्यांतच दोन आठवड्यांवर आला. सॉफ्टवेअरमधील ‘कानबान’ पद्धतीचा उगम म्हणून अँडरसन यांनी हा प्रयोग नोंदविला आहे. कामाचा वेग वाढविण्यासाठी कामगारावर ताण वाढवावा लागतो, असे मानणाऱ्यांनी या हकिगतीची रुजवात आपल्या कचेरीतील दप्तराशी करून पाहावी.

आता गैरसमजांकडे वळतो. त्यांची सामान्य उपपत्ती अशी दिली जाते की लोक अज्ञानी आहेत, त्यांना प्रशिक्षण दिले म्हणजे झाले. आणि म्हणून दोन दिवसांचे वर्ग भरतात, प्रमाणपत्रे वाटली जातात. माझा या उपपत्तीवर इतबार नाही. आपल्याकडील बहुतेक गैरसमज अज्ञानातून नव्हे तर व्यवहाराच्या घडणीतून उपजले आहेत. १९६८ साली मुंबईत टाटा कन्सल्टन्सी सर्व्हिसेस स्थापन झाली, १९८१ साली पुण्यात इन्फोसिसचा आरंभ झाला, आणि पुढे जो विशाल व्यवसाय उभा राहिला तो मुख्यतः दूरदेशीच्या ग्राहकाचे काम मक्त्याने करून देण्याचा. असा ग्राहक न पाहिलेल्या माणसांवर विश्वास ठेवणार कसा? कागद पाहून. म्हणून अमेरिकेतील कार्नेगी मेलन विद्यापीठाच्या संस्थेने तेथील संरक्षण खात्यासाठी रचलेली कार्यप्रक्रियांच्या परिपक्वतेची मोजपट्टी आपण इतक्या निष्ठेने स्वीकारली की शतकाच्या वळणावर तिच्या पाचव्या, सर्वोच्च स्तराला पोहोचलेल्या संस्थांत बहुसंख्या भारतीयांची होती. ही कामगिरी कमी लेखण्याचे कारण नाही. त्या शिस्तीनेच हा व्यवसाय उभा राहिला. परंतु जिचे सारे भांडवल कागद, सही आणि मंजुरी यांत गुंतलेले आहे अशा व्यवस्थेवर नवी पद्धती येऊन बसली, तेव्हा करारनामा जुनाच राहिला: व्याप्ती ठरलेली, मुदत ठरलेली, रक्कम ठरलेली, आणि किंचितही बदल झाल्यास चेंज रिक्वेस्टची वेगळी दरखास्त व तिचा वेगळा दर. अशा करारनाम्याच्या पोटात दोन-दोन आठवड्यांच्या कामाच्या फेऱ्या, म्हणजे स्प्रिंट, बसविल्या, म्हणजे एका मोठ्या मुदतीच्या जागी पंचवीस लहान मुदती येतात, आणि ज्याला बदलाचे स्वातंत्र्य मिळावयाचे त्याच्या वाट्याला पंधरवड्यागणिक झडती येते.

सकाळच्या उभ्या सभेचे रूपांतर हजेरीत का होते, हे यावरून उमगावे. स्क्रमच्या मूळ नियमांत ही सभा १५ मिनिटांची, काम करणाऱ्यांची आणि काम करणाऱ्यांसाठी आहे. आजचे काम कसे वाटून घ्यावे, कोठे अडले आहे, एवढे त्यांनी आपसात ठरवावे. काल काय केले, आज काय करणार, अडचण कोणती, हे तीन सुप्रसिद्ध प्रश्न तर २०२० सालच्या सुधारित मार्गदर्शिकेतून काढूनच टाकण्यात आले. पण डिलिव्हरी मॅनेजरला संध्याकाळी ऑनसाइटला, म्हणजे ग्राहकाच्या ठिकाणी बसलेल्यांना, हिशेब कळवावयाचा असतो. जेथे ग्राहक माणशी दराने बिल भरतो तेथे प्रत्येक माणूस प्रत्येक दिवशी गुंतलेला दिसणे या मॅनेजरला आवश्यक असते. आणि म्हणून वर्तुळात उभा असलेला प्रत्येकजण सहकाऱ्याकडे न पाहता त्या एकाच गृहस्थाकडे पाहून बोलतो. आठ माणसांची सभा पाऊण तास चालते. जे अडले आहे ते तेथे बोलले जात नाही, कारण अडचण कबूल करणे म्हणजे आपल्याविरुद्ध जबाब नोंदविणे होय, हे नवख्या मुलालाही आठवडाभरात समजते.

गुणांची कथा अशीच आहे. कामाच्या आकाराचा तुलनात्मक अंदाज बांधण्यासाठी तुकडीने आपल्यापुरते वापरावयाचे आकडे म्हणजे ‘स्टोरी पॉइंट’. स्क्रमच्या मार्गदर्शिकेत त्यांचा उल्लेखही नाही, आणि ज्यांनी ते प्रचारात आणले असे मानले जाते त्या रॉन जेफ्रीज यांनी त्यांच्या दुरुपयोगाबद्दल जाहीरपणे खेद व्यक्त केला आहे. तथापि आकडा दिसला की तो वरच्या कचेरीत जातोच, आणि तेथे अ तुकडीची ‘वेलोसिटी’, म्हणजे एका स्प्रिंटमध्ये पुरे केलेले गुण, ३० व ब तुकडीची ४५ का, अशी विचारणा होते. याला तुकड्यांनी शोधलेला उपाय साधा आहे: काल तीन गुणांचे असलेले काम त्या आज पाच गुणांचे मांडतात. कोणीही एक ओळ अधिक लिहीत नाही, वेग मात्र वाढतो, आणि सर्वांचे समाधान होते. पद्धतीच्या प्रचारकांनाही यात निर्दोष सोडता येणार नाही. सदरलँड यांनी २०१४ सालच्या आपल्या पुस्तकाच्या शीर्षकातच निम्म्या वेळात दुप्पट कामाची ग्वाही दिली, तेव्हा ती वाचून व्यवस्थापकांनी दुप्पट कामाची मागणी केली तर नवल काय?

कागदपत्रे नकोत, आराखडा नको, हा समज मात्र खालून, लिहिणाऱ्यांच्या बाजूने आला आहे, आणि तो त्यांच्या सोयीचा आहे हे स्पष्ट सांगितले पाहिजे. जाहीरनाम्याने चालत्या प्रोग्रामला विस्तृत कागदपत्रांहून आणि बदलाला दिलेल्या प्रतिसादाला आराखड्याच्या अनुसरणाहून अधिक मोल दिले. दुसऱ्या बाजूलाही मोल आहे, हे त्याच पानावर लिहिलेले आहे, पण तेथवर वाचण्याची तसदी थोडेच घेतात. नियोजन तर या पद्धतीत वाढते: एकदा करून कपाटात ठेवण्याऐवजी ते दर पंधरवड्याला, नव्या माहितीच्या उजेडात, पुन्हा करावे लागते. बदलाची मोकळीक म्हणजे क्लायंटने मंगळवारी फोन करावा आणि बुधवारी सर्वांनी हातातले टाकून द्यावे, असेही नव्हे. चालू स्प्रिंटच्या उद्दिष्टाला धक्का न लावता पुढील यादीचा क्रम बदलण्याचा हक्क त्याला आहे, आणि एक काम आत आले तर दुसरे मागे सरते, हा हिशेब त्याने मान्य करावयाचा असतो. चाचण्या नाहीत, प्रोग्राम वेळोवेळी स्वच्छ केलेला नाही, आणि तरी दर पंधरवड्याला नवी भर घातली जात आहे, अशा कामाची दोन वर्षांनी जी अवस्था होते तिला हात लावण्यास कोणी धजत नाही. स्क्रमच्या सभा घेतल्या आणि बेक यांची शिस्त वगळली, की हेच होते. आणि बहुतेक ठिकाणी तेच झाले आहे, कारण सभा घेणे स्वस्त असते. मोठमोठ्या संस्थांसाठी २०११ नंतर सेफ नावाची जी भारदस्त चौकट आली, तिच्याविषयी माझे मत फारसे अनुकूल नाही. परंतु शेकडो माणसांच्या कामाचा मेळ घालण्याचा प्रश्न तिने निर्माण केलेला नाही, तो आधीच होता, एवढा न्याय तिला दिला पाहिजे.

हा विषय आजच मांडण्याची निकड दोन कारणांनी आहे. पहिले असे की प्रोग्रामच्या ओळी लिहिणे हे काम आता यंत्रे मोठ्या प्रमाणावर करू लागली आहेत, आणि लिहिण्याची मजुरी उतरली की काय लिहावे हे ठरविण्याचे व लिहिलेले पारखण्याचे मोल चढते. माणशी दराने बिल लावणाऱ्या व्यवस्थेला हा प्रश्न फार काळ टाळता येणार नाही. दुसरे कारण आपल्या वर्धा जिल्ह्याच्या अधिक जवळचे आहे. सॉफ्टवेअर आता दूरदेशीच्या विमा कंपनीपुरते उरलेले नाही. १५ ऑगस्ट २०२१ पासून राज्यभर सुरू झालेल्या ई-पीक पाहणीत कापूस-सोयाबीनचा शेतकरी स्वतःच्या मोबाईलवरून सातबाऱ्यावरील पिकाची नोंद करतो. त्यात गट चुकला, पीक चुकले, तर परिणाम विम्यावर आणि नुकसानभरपाईवर होतो. नोंद केल्यापासून ४८ तासांच्या आत शेतकऱ्याला ती स्वतःच दुरुस्त करता येण्याची सोय दुसऱ्या आवृत्तीत, २०२२ साली आली. बांधावर उभे राहून, उन्हात न दिसणाऱ्या पडद्यावर, रेंज येते-जाते अशा स्थितीत नोंद करणाऱ्या माणसाच्या हातून काय होईल, हे कचेरीत बसून लिहिलेल्या कितीही काटेकोर तपशिलात सापडणे कठीण होते. वापर सुरू झाल्यावर ते उघडच दिसते. प्रश्न एवढाच उरतो की दिसलेली गोष्ट प्रोग्राममध्ये उतरण्यास किती दिवस लागतात आणि किती सह्या.

प्रस्तुत पुस्तक प्रमाणपत्राच्या परीक्षेसाठी नाही, आणि अजाइलच्या प्रचारासाठी तर नाहीच नाही. विद्यार्थी, नोकरीची पहिली काही वर्षे काढलेले तरुण, आणि ज्यांच्यावर सरकारी वा सहकारी संस्थेसाठी सॉफ्टवेअर विकत घेण्याची जबाबदारी येते असे अधिकारी, हे तीन वाचक मी डोळ्यांसमोर ठेवले आहेत. पैकी तिसऱ्या वाचकाकडे या विषयावरील लेखन आजवर जवळजवळ पाहतच नाही. वस्तुतः निविदेचा मसुदा जो लिहितो तोच अर्धी कार्यपद्धती ठरवून टाकतो, म्हणून करारावरील विवेचन पुस्तकात बरेच विस्तारले आहे, आणि टप्प्याटप्प्याने पैसे देण्याच्या, काम मध्येच थांबविण्याच्या, व्याप्ती अदलाबदल करण्याच्या कलमांची चर्चा काहींना कंटाळवाणी वाटेल इतकी तपशिलात केली आहे. स्क्रम, एक्स्ट्रीम प्रोग्रामिंग आणि कानबान यांची तुलना करताना श्रेष्ठ कोण असा निवाडा दिलेला नाही. कोणत्या परिस्थितीत कोणाचे काय उपयोगी पडते एवढेच पाहिले आहे. जेथे ही पद्धती अयोग्य ठरते, जेथे बदल खरोखरच महाग असतो आणि चूक प्राणावर बेतते, तेथे तसे म्हटले आहे. कचेरीत जे शब्द बोलले जातात तेच येथे ठेवले आहेत. बॅकलॉग आणि रेट्रो यांना संस्कृत वस्त्रे चढविण्याच्या फंदात मी पडलो नाही.

वाचनाच्या क्रमाविषयी एक सूचना करतो. विद्यार्थ्याने प्रारंभापासून वाचावे. नोकरदाराने अंदाज व गुण यांवरील भागापासून सुरुवात केली तरी चालेल, तेथे त्याला ओळखीची माणसे भेटतील. अधिकाऱ्याने मात्र करारावरील भाग आधी उघडावा, आणि शक्य असेल तर आपल्या टेबलावरील एखादी चालू निविदा शेजारी ठेवून.